पालथा चौरंग

आमच्या इंदिरानगरच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर जेवता येत नाही. त्यावर एक चौरंग पालथा, पाय वर करून, घट्ट बसलेला आहे. तो मी स्वतः केलाय आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही!

सुरुवात वन्संनी केली. (वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. वणीला असतात.) आमच्याकडे सत्यनारायण ठरला, तर फोनवर म्हणाल्या, "सुनंदा, तुमचा चौरंग डुगडुगतो गं. मागच्या वेळी देव पडता पडता वाचले. मी माझा घेऊन येते."

डुगडुगतो! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मुळीच आणू नका वन्सं. मी नवा करतेय. माझ्या हातानं!"

"अगं, सुताराला सांगू," मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला. (हा सातपूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो आणि संध्याकाळी घरी येतो.) मी सुताराऐवजी पॉकेट होलचा जिग मागवला. झकास अवजार आहे! लाकडाला लावायचं, त्यातून ड्रिल घालायचं, की तिरकं भोक पडतं. त्यात स्क्रू पिळला की दोन फळ्या जन्माच्या जोडल्या जातात आणि भोकं आतल्या बाजूला राहतात, कुणाला दिसत नाहीत. मिलिंदनं आणलेल्या खोक्यांच्या जाड फळ्यांवर मी इतका सराव केला, की खालच्या काकू विचारायला आल्या, "दातांचा दवाखाना काढलात का?"

पूजेच्या सकाळी शेवटचं काम उरलं होतं. चौरंगाची वरची फळी टेबलावर पालथी घातली, तिच्यावर पायांचा सांगाडा उलटा ठेवला आणि स्क्रू पिळले. सगळे! पूर्ण जोर लावून! मग ऐटीत चौरंग उचलला. टेबलही उचललं गेलं.

(फळी सागाची, पातळ. स्क्रू मात्र सरावाच्या जाड फळ्यांचे.)

"स्क्रूची लांबी बघितली होतीस?" मिलिंदनं शांतपणे विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस. उलटे फिरवून काढते."

फिरवायला गेले, तर माझ्या जोरानं स्क्रूच्या माथ्यावरच्या खाचाच गुळगुळीत झालेल्या. एकही हलेना. तेवढ्यात बेल वाजली. दारात गुरुजी, आणि त्यांच्यामागे वन्सं. काखेत चौरंग!

"म्हटलं, असू दे जवळ," म्हणत वन्सं आत आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. "हे काय गं? पाय वर?"

"तसाच केलाय."

"मी आपला माझा मांडते."

"वन्सं, पूजा माझ्याच चौरंगावर होणार!" माझा आवाज चिरकला. पण एका स्क्रूपायी वन्संसमोर रडणारी मी नव्हे!

गुरुजींनी टेबलाभोवती एक फेरी मारली. "म्हणजे पूजा खुर्चीवर बसून सांगायची?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग इथेच करू हो! गुडघ्यांनी जीव खाल्लाय माझा. खाली बसलो की उठवायला माणसं लागतात."

आणि काय सांगू! केळीचे खुंट वर आलेल्या चारी पायांना असे ताठ बांधले गेले, की एकही कलला नाही. मधल्या चौकटीत कलश बसला तो हलायचं नाव नाही. कुणाला न दिसणारी माझी भोकं आता सगळ्या जगासमोर उघडी होती. गुरुजींनी त्यांत एकेक उदबत्ती खोचली.

"ही सोय छान केलीत हो वहिनी!"

"मुद्दाम केलीय," मी वन्संकडे बघत म्हणाले.

प्रसाद घेऊन निघताना वन्सं दारात म्हणाल्या, "माझा चौरंग राहू दे इथेच. जेवायला लागेल तुम्हाला."

लागतो. दोन्ही वेळा आम्ही त्याच्याभोवती खाली बसून जेवतो. मेला जराही डुगडुगत नाही!

मिलिंद म्हणतो, आता तरी सुतार बोलावू. कशाला? मी सध्या स्टूल करायला घेतलंय आणि या वेळी शहाणपणानं जमिनीवर ठेवून. फरशीत स्क्रू जात नाही, एवढं नक्की कळलंय. फरशी फुटते.