शेवटचा फर्मा

मास्तर,

तुमच्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा गेले, शेवटच्या आठवड्यात दोनदा आठवण काढली. मी विचारलं, "माझी की पुस्तकाची?" ती हसली आणि मग रडली. असं विचारायला नको होतं. पण माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही घरी तिची वर्णनं केलेली असणार, कारण तिने राग न धरता खरं ते सांगितलं. "पुस्तकाचीच," म्हणाली.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही तर आता वाचणार नाही, आणि तशी गेली चार वर्षं डोळ्यांपायी वाचतच नव्हतात. तेव्हा इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. त्यांना समजावं म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीच तुम्हाला पुन्हा सांगणार आहे. जांभया देऊ नका.

तुम्ही आमच्या वाचनालयाचे बाइंडर. फाटकी पुस्तकं उसवायची, शिवायची, नवा पुठ्ठा चढवून परत द्यायची, हे काम एकतीस वर्षं केलंत. जागा जिन्याखालची. एक खिडकी, एक लोखंडी दाब, खळीचं पातेलं आणि भिंतीला खिळ्यावर लटकवलेली दोऱ्याची रिळं. उभं राहिलात की डोकं जिन्याला लागायचं, म्हणून तुम्ही बसूनच असायचात. सगळे तुम्हाला पुठ्ठेमास्तर म्हणत. शाळा सातवीपर्यंत. मी ग्रंथपाल, एम. ए., विद्यापीठात दुसरी. हे मी कोणी न विचारताही सांगत असे.

पहिल्या वर्षी मी तुम्हाला रंगेहाथ पकडलं. भर दुपारी काम सोडून एक प्रेमकथा वाचत होतात.

"मास्तर, हे काय चाललंय?"

"पानांचे नंबर तपासतोय, बाई."

"ओठ हलतायत तुमचे."

"नंबरांच्या मध्ये काहीतरी लिहिलेलं असतं ना," तुम्ही म्हणालात. "तेही डोळ्यांत जातं. मी काय करू?"

पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. सोळा पानांचा एक जुडगा म्हणजे फर्मा, हेही मला तुम्हीच शिकवलंत. आधी मधले फर्मे हाती यायचे, कारण ते जास्त फाटलेले. मग पहिला, मग शेवटचा. त्यामुळे नायक-नायिकेचं भांडण तुम्हाला त्यांच्या ओळखीच्या आधी कळायचं. "बरंच पडतं," तुम्ही म्हणायचात. "घरी पण आपण माणसांना मधूनच भेटतो की."

दर शनिवारी गठ्ठा घेऊन वर यायचात, माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर टेकायचात आणि न विचारता निकाल द्यायचात. मी विद्यापीठात समीक्षेचे दोन पेपर दिले होते, पण एवढं थेट कोणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

प्रेमकथांबद्दल: "हे दोघं कामाला कधी जातात हो? तो कारखान्याचा मालक, पण कारखान्यात एकदाच गेला, तोही तिच्यामागे पळत. आणि गैरसमज! एक वाक्य बोलले असते तर चौथ्या फर्म्यात मिटलं असतं. बारा फर्मे ओढलंय. पण रडवलं बरं का लिहिणाऱ्या बाईने. खळीत पाणी पडलं माझ्या."

रहस्यकथांबद्दल: "सगळ्यांत मदत करणारा माणूस असतो तोच खुनी. मला आता तुमच्यावर संशय यायला लागलाय. परवा तुम्ही मला चहा पाजलात."

आणि जादूच्या राज्यांच्या त्या जाडजूड कादंबऱ्यांबद्दल तर तुमचा स्वतंत्र राग होता. "राक्षस उडतो, उडू दे. झाड बोलतं, बोलू दे. पण सात फौजा दीड महिना चालतायत आणि एकाही माणसाने चूल पेटवली नाही? तलवारीचं वर्णन तीन पानं. ती घडवली कोणी, त्याचं नाव नाही! आणि पुढे नकाशा घालतात तो हमखास घडीवर फाटतो. ज्याला नकाशा नीट घडी करून लावता येत नाही, त्याने राज्य कशाला काढावं?"

मी वर तोंड करून म्हणायचे, "मास्तर, हा सगळा कचरा आहे." तुम्ही म्हणायचात, "असेल. पण बाई, कचरा तुम्ही वाचलाय कुठे?"

वाचला नव्हता, हे खरं.

मग ती यादी आली. आमचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. कपाटं भरली होती, नवी पुस्तकं ठेवायला जागा नव्हती. त्यांनी मला विचारलं, काय काढायचं? मी एका दुपारी यादी केली. तीनशे चाळीस पुस्तकं, सगळी प्रेमाची, खुनाची आणि जादूची. रद्दीत. आणि यापुढे असली पुस्तकं शिवायची नाहीत, हेही खाली लिहिलं. एवढं लिहिताना मला तुमची आठवण झाली नाही, हे मी आज कबूल करते. तुमच्याकडे येणाऱ्या दहा पुस्तकांपैकी नऊ त्याच जातीची होती. ती बंद म्हणजे जिन्याखालची खोली बंद. मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

तुम्ही तिचं नावही काढलं नाहीत. सभेला बोलावलं नव्हतं तरी दोन पुस्तकं काखेत मारून वर आलात, खळीचे हात तसेच.

"डॉक्टर, एक मिनिट," म्हणालात आणि दोन्ही पुस्तकं टेबलावर आडवी ठेवलीत. एक माझ्या आवडीचा वैचारिक ग्रंथ, दुसरी एक प्रेमकथा. "कडा बघा. कातरायच्या आधी मी नेहमी बघतो."

प्रेमकथेची कड पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांनी काळी झालेली. ग्रंथाची कड पाव इंचापर्यंत मळकट आणि पुढे पांढरीशुभ्र.

"इथे लोकांनी सोडलं," तुम्ही पांढऱ्याच्या सुरुवातीवर नख ठेवून म्हणालात. "बाईंनी सुद्धा."

माझे कान तापले. ते पुस्तक माझ्याच नावावर तीनदा गेलं होतं. आणि मला ते खरोखरच तिथून पुढे झेपलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "अहो, पण हलणारे दात काढूनच टाकावे लागतात."

"ज्या दाताने माणूस रोज जेवतो, तो तुम्ही आधी वाचवून बघता ना? माझा दोनदा वाचवलात."

समितीतले दोघं हसले. डॉक्टर नाही हसले. त्यांनी यादीतलं समोर आलेलं एक पुस्तक उचललं आणि वैतागून उघडलं. हिरव्या पुठ्ठ्याची ती रहस्यकथा. आत तुमच्या हातची चिठ्ठी डकवलेली: "शेवटची सोळा पाने नाहीत. वाचणाऱ्याने आधी विचार करावा." मूळ फर्मा कधीच गहाळ झाला होता आणि त्याच्या जागी तुम्ही सोळा कोरी पानं शिवून ठेवली होती, कधी मिळाला मजकूर तर उतरवता यावा म्हणून.

"शेवट नसलेलं पुस्तक! हे कोण नेतं?"

मला खोटं बोलता येत नाही. कार्ड काढलं आणि सांगितलं, "एक्केचाळीस जणांनी नेलंय."

"वेडे आहेत," डॉक्टर म्हणाले आणि निर्णय पुढच्या सोमवारवर ढकलून पुस्तक पिशवीत टाकलं. नमुना म्हणून बघतो, म्हणाले.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. दोन पेशंटांच्या मध्ये वाचून काढलं म्हणे, आणि एका म्हाताऱ्याला तोंड उघडं ठेवून दहा मिनिटं थांबवलं. मला बघताच उठले. "खून कोणी केला?"

"मला काय माहीत? मी असलं वाचत नाही."

"तुम्ही ग्रंथपाल ना? शोधून काढा! माझा पुतण्यावर संशय आहे." मग जरा भानावर येऊन खुर्चीत बसले आणि यादीवर आडवी रेघ मारली. तुमची खोली राहिली. मुलगी नर्स झाली. नव्या पुस्तकांसाठी व्हरांड्यात कपाट लावलं, इतकं सोपं ते होतं.

आता मुद्द्यावर येते. त्या रहस्यकथेची पूर्ण प्रत पुलापलीकडच्या वाचनालयात होती. ते लोक बाहेर देत नसत, तिथे बसून उतरवून घ्यावं लागणार होतं. मी म्हटलं, झेरॉक्स काढून चिकटवू. तुम्ही दुखावल्यासारखे झालात.

"झेरॉक्सचा कागद घडीवर तडकतो. मी कोरी पानं शिवलीत कशाला? तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे, बाई. निळ्या-काळ्या शाईने लिहा."

"मी? असलं? माझ्या हाताने?"

"सोळाच तर पानं आहेत." मग हळूच म्हणालात, "आणि आधी मला नाव सांगा. तो घड्याळवाला नसला म्हणजे मिळवली."

घड्याळवाला म्हणजे त्या श्रीमंत म्हातारीच्या बंगल्यात दर गुरुवारी घड्याळाला किल्ली द्यायला येणारा माणूस. तो कसा स्टूल सरकवतो, काच कशी पुसतो, तेलाचा थेंब कसा सोडतो, हे सगळं त्यात नीट लिहिलंय, असं तुम्ही मला किती शनिवारी सांगितलंत! "अख्ख्या कपाटात एवढा एकच माणूस काम करताना दिसतो. त्यालाच खुनी केला असेल तर लेखकाला धरून खळीच्या पातेल्यात बुडवीन."

मी जाते म्हणाले. आणि गेले नाही. आधी दिमाखापायी गेले नाही. मग निवृत्त झाले, गुडघे, बहिणीचं आजारपण, नेहमीची कारणं. तुम्ही दर भेटीत विचारायचात, "पुलापलीकडे गेला होतात का?" मी म्हणायचे, "मास्तर, मला दुसरे उद्योग आहेत." मग तुम्ही मुलीकडे राहायला गेलात आणि फोनवर विचारायला लागलात. ती तुम्हाला संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर वाचून दाखवायची. कामकरी माणसं असलेलं काही शोध, असा हट्ट करायचात म्हणे.

फोन आल्यानंतर मी वाचनालयात गेले आणि ते हिरवं पुस्तक माझ्या नावावर घेतलं. वाचलं. तीन दिवस लागले. पुतण्या बिनडोक आहे, डॉक्टर चुकले. कारस्थान ओढूनताणून आणलंय आणि भाषा तर देवाचं नाव घ्या. पण घड्याळवाल्याबद्दल तुमचं खरं आहे. तो स्टुलावर चढतो तेव्हा आधी चपला काढतो. असं लिहायला बघावं लागतं.

त्यानंतर तुमची कोरी पानं आली. उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं की तुम्ही त्यांच्यावर पेन्सिलने रेघा आखून ठेवल्यात. माझ्या अक्षरासाठी, एकेका पानावर बावीस. पहिल्या पानावरच्या सरळ आहेत. आठव्यापासून उजवीकडे उतरायला लागतात. शेवटच्या पानावर दोन रेघा एकमेकींवर गेल्यात. म्हणजे डोळे जात होते तेव्हाही थोड्या थोड्या आखत होतात आणि मला बोलला नाहीत.

पुलापलीकडे जाणारी बस दर वीस मिनिटांनी सुटते. माझ्या खिडकीतून दिसते. पुस्तक अजून तिथे आहे, मी फोन करून विचारलं. निळी-काळी शाईही आणली. दोन वेळा पिशवी घेऊन स्टॉपपर्यंत गेले आणि घड्याळवाला आठवून परत आले.