बाभळीखाली जोडून ठेवलेल्या चपला

पहिल्यांदा खटकलं ते चपलांचं. माकणीच्या धरणाच्या काठावर, एका बाभळीखाली मी चपला काढल्या, दोन पावलं पुढं गेले आणि सहज मागं वळून बघितलं. दोन्ही चपला अगदी जोडून, टाचेला टाच, टोकं पाण्याकडं. शेजारी निळी पिशवी, तिच्यावर घडी घातलेली ओढणी. बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते तेव्हा कळलं नाही, कारण त्या सकाळी घाबरायला माझ्याकडं दुसरी पन्नास कारणं होती.

तर चहा निवायच्या आत सांगून टाकते. ही माझीच फजिती आहे, तेव्हा खुशाल हसा. फक्त आमच्या घरी आलात तर अण्णांसमोर विषय काढू नका. अण्णा म्हणजे माझे वडील. हा विषय निघाला की ते उठतात आणि गोठ्यात जातात. आमच्या म्हशीला त्या दिवशी तिसऱ्यांदा वैरण मिळते.

मी ट्रायथलॉनला गेले होते. म्हणजे आधी दीड किलोमीटर पोहायचं, मग तसंच ओल्या अंगानं चाळीस किलोमीटर सायकल मारायची, आणि एवढं करून जीव उरलाच तर दहा किलोमीटर पळायचं. ह्या मापाला ऑलिम्पिक अंतर म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. मी दचकले होते, पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. स्पर्धा तशी छोटी. सोलापूर-लातूरकडची तीसेक हौशी माणसं, दोन तंबू, एक टेम्पो, एक बोट आणि शिट्टी.

आता मी, बी.कॉम. झालेली, अभ्यासिकेत बसून परीक्षांचे फॉर्म भरणारी मुलगी, ह्यात कशाला पडले? त्याचं असं झालं, की माझा साखरपुडा झाला आणि आठव्या दिवशी तिकडून निरोप आला, जमणार नाही. कारण काही सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

मला जेवण जाईना. तेवढंच. पण घरानं वेगळं धरलं. एक दिवस बघते तर फवारणीचं औषध नेहमीच्या फळीवर नाही. मग गोठ्यातलं जादा दावं दिसेना. मग आमच्या विहिरीच्या पायऱ्यांना लोखंडी दार बसलं, दाराला कुलूप, आणि किल्ली अण्णांच्या करदोड्याला. ज्या विहिरीत अण्णांनी मला सहा वर्षांची असताना पाठीला वाळका भोपळा बांधून ढकलून दिलं होतं आणि वर बसून पोट धरून हसले होते, तीच विहीर.  

मी मरणार नव्हते हो. मला फक्त भूक लागत नव्हती. पण हे सांगायचं कसं? 'अण्णा, कुलूप काढा, मी जीव देत नाही' असं वाक्य कुठली मुलगी बापाला म्हणते?

अभ्यासिकेत माझ्या शेजारी शबाना बसायची. एक दिवस तिनं माझं पुस्तक मिटलं. म्हणाली, "तासभर झाला, एकाच पानावर हैस. चल, पोहायला." तिनं मला धाराशिवच्या तलावावर नेलं, भावाची सायकल दिली, आणि दीड महिन्यानं एका संध्याकाळी मी आईकडं दुसरी भाकरी मागितली. आईनं ती वाढली आणि चुलीकडं तोंड करून बसून राहिली.

मग मी ठरवलं. ही स्पर्धा पुरी करायची. मेडल नेऊन अण्णांच्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, हे घ्या, आता ती किल्ली द्या. बस. मला पहिला नंबर नको होता. मला विहीर उघडी हवी होती.

पण ज्यानं घरच्या विहिरीला कुलूप घातलंय त्याला 'मी धरणात पोहायला निघाले' असं कसं सांगणार? म्हणून म्हटलं, रविवारी सोलापुरात पेपर आहे, शनिवारीच जाते, शबानाच्या मावशीकडं राहते. अण्णा स्टँडवर सोडायला आले. एस.टी. लागली तसे खिशातून दोन कोरे पेन काढले.

"एक चालला न्हाय तर दुसरा काढायचा. घाबरायचं न्हाय."

"नाही घाबरत."

"अन् पेपर झाला की फोन."

मी पेन पिशवीत टाकले. मला खोटं बोलायचा सराव नाही. नंतर फोनवर काय सांगायचं ते मी पुढच्या फाट्यावर बस बदलून माकणीपर्यंत पाठ करत गेले, पाढे पाठ करावेत तसं. शबाना सायकल घेऊन आधीच तिथं पोचली होती.

आता परत बाभळीखाली या. पोहायला सुरुवात एका काठावरून आणि वर यायचं पार पलीकडं, भिंतीजवळ, जिथं सायकली अन् बूट आधीच ठेवलेले. सगळ्यांचं सामान टेम्पो पलीकडं नेणार होता. पण मी भीतीनं तिसऱ्यांदा आडोशाला गेले आणि परत येईपर्यंत टेम्पो गेलेला. म्हटलं राहू दे, स्पर्धा झाली की येऊन घेऊ. पिशवीत ड्रेस, सायलेंटवर ठेवलेला फोन, अभ्यासिकेचं कार्ड आणि ते दोन पेन. वर ओढणी. शेजारी चपला, जोडून. आईनं लहानपणापासून लावलेलं वळण, काय करणार?

शिट्टी झाली. पोहण्याचं फार सांगत नाही. एक मासा पायाला लागला, मी किंचाळले, तोंडात अर्धं धरण गेलं. बोटवाला दोनदा म्हणाला, "ताई, घेऊ का वर?" दोनदा नको म्हटलं. सगळ्यात शेवटी बाहेर आले. एका काकांनी दंडावरचा नंबर बघून कागदावर खूण केली आणि ओरडले, "झाले, सगळे वर आले."

सायकलवर बसले. सातआठ किलोमीटर गेले असेन, तर समोरून एक मोटरसायकल. लांबूनच ओळखली. आमची. अण्णा चालवत होते आणि मागं चुलते.

तुम्ही काय केलं असतं? शहाण्या माणसानं जे केलं असतं ते मी केलं नाही. मी सायकलीसकट रस्त्याकडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीमागं उडी मारली. कळलं, खोटं उघडं पडलं, एवढंच डोक्यात. चाकाच्या फटीतून बघितलं. अण्णा गाडी कधी तीसच्या वर नेत नाहीत. त्या दिवशी ते वाऱ्यासारखे गेले, आणि त्यांचे पाय उघडे होते. चपला नव्हत्या. मागून अजून दोन गाड्या, मग भावकीतली जीप. मला वाटलं, एका पोरीला रागवायला सगळी भावकी कशाला आणायची?

ट्रॉलीवाला वरून बघत होता. म्हणाला, "कुणाला भ्यायलीस ग माय?"

"वडलांना."

"मारत्यात व्हय?"

"नाही. कधीच नाही."

"मग कशाला भ्यायचं?" म्हणाला आणि ट्रॅक्टर चालू केला. चांगला प्रश्न होता. मी त्यावर विचार केला नाही.

वीस किलोमीटरवर वळायचं होतं. तिथं एक काका टेबल मांडून बसले होते. मी शेवटची, त्यामुळं माझीच वाट बघत होते.

"बरं झालं आलात. तिकडं धरणात एक पोरगी गेली म्हणं."

माझ्या हातातली बाटली पडली. "आपल्यातली?"

"न्हाय हो, आपली सगळी मोजून वर आली. हितलीच हाय कुणीतरी. सोयरीक मोडलेली हुती म्हणं."

झालं. त्यापुढचे वीस किलोमीटर मी रडत सायकल मारली. ती पोरगी मला बघितल्यासारखी वाटायला लागली. तिचीही भूक गेली असणार. तिच्याही घरानं दावी लपवली असणार. बाई ग, थोडं थांबायचं होतंस, मी मोठ्यानं म्हणत होते. मला भेटायचं होतंस. मी तुला शबानाकडं नेलं असतं. मग रागही आला. बापाचा तरी विचार करायचा, एवढी कसली घाई? रस्त्याकडेच्या शेतातल्या बाया भांगलण सोडून बघत होत्या. बघू देत.

आणि त्या रडण्यातच माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात कुणी विहिरीत-तळ्यात पडलं की अण्णांना बोलावतात. त्यांचा दम मोठा, खाली जाऊन माणूस काढून आणतात. म्हणजे ते मला रागवायला नव्हते चालले, त्या पोरीला शोधायला चालले होते. मी सुटले. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला हायसं वाटलं.

पळणं धरणाच्या भिंतीवरून होतं, दोनदा जायचं, दोनदा यायचं. पलीकडच्या काठावर माणसं मुंग्यांसारखी जमली होती. स्पर्धेची बोटही तिकडंच गेलेली. बोटीजवळ एक डोकं वर यायचं, जरा थांबायचं, परत खाली जायचं. वर यायचं, परत खाली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण ती बुडी मी ओळखली. विहिरीच्या पायरीवर बसून शंभरदा बघितली होती.

अण्णांचा अभिमान वाटला मला, खरं सांगते. दुसऱ्याच्या लेकीसाठी ह्या वयात किती करतात. मी पळता पळता त्यांच्याकडं बघून हात हलवला.

मी शेवटची आले. गळ्यात मेडल पडलं. शबाना पाण्याच्या टेबलावर कामाला होती, ती ग्लास घेऊन धावत आली, मला मिठी मारली, मग इकडंतिकडं बघितलं.

"सामान कुठाय तुझं? टेम्पोतनं तर न्हाय उतरलं."

"तिकडंच राहिलं. बाभळीखाली."

"कंच्या बाभळीखाली?"

"जिथनं सुरुवात झाली तिथं. निळी पिशवी माझी. चपलाही तिथंच हैत."

शबानाचा हात ग्लाससकट मधेच थांबला. "चपला कशा ठेवल्या होत्यास?"

"कशा म्हणजे? जोडून."

तिनं ग्लास खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "शेळ्या राखणाऱ्या एका मावशीला निळी पिशवी घावली. आतल्या कार्डावर बापाचा नंबर होता, त्याच्यावर तिनं फोन लावला. लोक म्हणतायत चिठ्ठी न्हाय निघाली, नुसते दोन पेन निघाले." तिनं माझा दंड धरला. "पागल, ती पोरगी तूच हैस."

मी खाली बसले. पायात गोळे आले होते, उठता येईना. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर गाडी हवी. संयोजकांपैकी कुणीतरी टेम्पो काढायला पळालं, तर टेम्पोही तिकडंच गेलेला. मी बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून हलवले, ओरडले. वारं उलटं होतं. पलीकडून कुणीतरी एकानं मलाही हात हलवला. मघाशी मीही तसाच हलवला होता.

शबानानं तिचा फोन दिला. अण्णांचा नंबर मला पाठ आहे. लावला. कॉलर ट्यूनवर देवीची आरती पूर्ण वाजली. उचलला नाही. परत लावला, परत आरती. पाण्यात असलेला माणूस फोन कसा उचलणार, मला कळत होतं, तरी लावत होते. पलीकडं ते डोकं वर आलं. मी मनात म्हटलं, आता बास, अण्णा, आता वर बसा. ते परत खाली गेलं.

काय बोलायचं तेही सुचेना. 'अण्णा, मी जिवंत आहे'? हे नाटकातलं वाटतं. 'अण्णा, मी मनू बोलते'? त्यानं त्यांचं हृदय थांबलं तर? पाचव्यांदा लावला. तोवर पलीकडच्या लोकांनी त्या बुड्या मारणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून काठावर आणलं होतं. तो बसत नव्हता. परत पाण्याकडं ओढ घेत होता. त्याच्याजवळ कुणीतरी काहीतरी धरलं.

आरती मधेच तुटली.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मोठा, ओला, धाप लागलेला. त्यांच्यासाठी हा अनोळखी नंबर, कुण्या बोटवाल्याचा असेल असं त्यांना वाटलं असणार. मग अण्णांचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता इतका लहान.

"सापडली का?"

आणि मी दचकले. तोंड उघडलं, तर कालपासून जे पाठ केलं होतं तेच बाहेर पडलं.

"अण्णा, पेपर सोपा गेला. एकच पेन लागला."