लाल रंगाचा रविवार

वेळ पुरत नाही म्हणून मी घरीदारी सगळ्यांवर खेकसत होतो. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "आठवडाभर लिहून तर काढ, वेळ जातो कुठे ते." मी मोबाईलवर तक्ता केला. कामी लागलेला वेळ हिरवा, वाया गेलेला लाल. सिग्नलला अडकलो की लाल, फोन चाळत बसलो की लाल.

रविवारी सकाळी मी विश्रांतवाडीला बाबांकडे जातो. ते एकटेच असतात. मी गेल्यावर ते आलं किसायला घेतात, सावकाश चहा उकळतात आणि खडकीच्या कारखान्यातल्या त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगतात. त्या रविवारी ते स्वयंपाकघरात असताना मी त्यांच्याच खुर्चीत बसून तो सगळा वेळ लाल करून टाकला. कप घेऊन आलेल्या बाबांनी माझ्या खांद्यावरून तक्ता पाहिला.

"लाल म्हणजे काय रे?"

"आराम," मी ठोकून दिलं.

"अस्सं! सिग्नलला बराच आराम करतोस."

मला मान वर करवेना. जिना उतरतानाच मी तो तक्ता पुसून टाकला.

पुढच्या रविवारी नेहमीसारखाच उशिरा पोचलो. टेबलावर चहा आधीच ओतून, वर बशी झाकून ठेवलेला होता.

"पी आणि नीघ," बाबा म्हणाले. "उगाच तुझा खोळंबा नको."

मी बशी उचलली. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. आलं मात्र घातलेलं होतं.