एका पाइपचं नगर

जॅकवेल कोरडी पडली तेव्हा टाकीत जेमतेम रात्रीपुरतं पाणी होतं. जॅकवेल म्हणजे नदीतून पाणी उचलायची विहीर. कन्हानच्या काठी आमचं नवंकोरं औद्योगिक नगर वसलं होतं. सरळ रस्ते, सेक्टर, क्वार्टर्स, शाळा, सगळं आखीव. नदी तेवढी आखणीत बसेना. त्या एप्रिलमधे धार पलीकडच्या काठाला सरकली. मी पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर, म्हणजे शिव्या खायचा मान माझा.

उपाय सोपा होता. वाळूत चर खणून धार विहिरीपर्यंत आणायची. पण सरळ रेषेत गंगूबाईची डांगरवाडी होती. पाणी ओसरलं की काठच्या गावातली माणसं नदीच्या वाळूतच टरबुजं-डांगरं लावतात. वर्षाची कमाई तीच. बुलडोझर सुरू होताच बाई आडवी आली.

"साहेब, फळ पिकाले आलं अन् आता काहून मोडून राहिले?"

"बाई, क्वार्टर्समधे लेकरं आहेत. उद्या प्यायला पाणी नाही."

"लेकराईले पाजा ना बापा! मी नाही म्हणते का? पण लेकरं पितेत किती, अन् तुमचा कारखाना पिते किती?"

बुलडोझरचा रुंद चर लागत होता तो कारखान्यालाच. क्वार्टर्सपुरतं पाणी वाडीच्या कडेनं, हातानं खणलेल्या चरातूनही आलं असतं. पण मुख्य पाइप एकच. आधी कारखाना, उरलं तर वस्ती.

तेवढ्यात चीफसाहेबांची जीप आली. "अजून थांबलात कशाला?"

"सर, कडेनं खणतो. कारखान्याचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल."

"डोकं ठिकाणावर आहे का? बॉयलर बंद पडेल!"

"बॉयलर पुन्हा पेटवता येतो, सर."

"आणि तुमची नोकरी?"

घाबरलो होतो. घरी दोन पोरी, क्वार्टरही कंपनीचंच. पण माझं डोकं एकदा तापलं की तापलं. म्हटलं, "बुलडोझर चालवायचाच असेल तर ऑर्डर तुम्ही द्या. माझ्या तोंडून निघणार नाही."

काठावर अर्धं गाव जमलं होतं. साहेबांनी एकदा त्या गर्दीकडे पाहिलं आणि जीपमधे बसून निघून गेले.

मजुरांनी रात्रीत वाडीच्या कडेनं चर खणला आणि व्हॉल्व्ह मीच बंद केला. तो उघडायची ऑर्डर वरून आली नाही. क्वार्टर्समधल्या बोंबाबोंबीचं खापर कुणालाच आपल्या डोक्यावर नको होतं. सकाळी नळांना पाणी आलं, बॉयलर थंड पडला. टरबुजं निघाल्यावर मोठा चर खणला, आणि लगेच माझी बदली झाली.

पुढे जिथं जिथं नगर आखायला बसलो, तिथं एकच हट्ट धरला. वस्तीचा पाइप वेगळा, कारखान्याचा वेगळा. खर्च वाढतो म्हणून प्रत्येक मीटिंगमधे दुसरा पाइप खोडला गेला.