पिठातली वाट

पुण्याहून निघालो तेव्हा सर जाऊन दोन दिवस झाले होते. संकेश्वरच्या शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. अंधश्रद्धेविरुद्धची पहिली पत्रकं मी त्यांच्याबरोबर वाटली; पुढे स्वतः लिहू लागलो.

निपाणीत उजाडलं. स्टँडवर तंबाखूचा तोच घशात बसणारा वास. पुढच्या बसने मला हायवेवरच उतरवलं. उसाच्या कडेने चालत गावात शिरलो.

शाळकरी वयात दर रविवारी याच रस्त्याने मी सरांकडे जात असे. त्या सुमारास एका अंतराळयानाने ताऱ्यांमधली धूळ पकडून आणली होती, धुरासारख्या हलक्या, पारदर्शक जेलमध्ये. कण डोळ्यांना न दिसणारा. पण जेलमध्ये शिरताना तो बारीक वाट कोरतो. ती शोधायला शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं इंटरनेटवर साऱ्यांना खुली केली होती. सरांच्या कॉम्प्युटरवर आम्ही ती तासन्‌तास बघायचो. सर म्हणायचे, "न्हाय तर न्हाय म्हणायचं. हौसेनं दिसलेलं लिहायचं न्हाय." त्यांना एकही वाट सापडली नाही.

सरांच्या घरी सोप्यात (पुढच्या खोलीत) बुट्टी (टोपली) पालथी घातलेली. आत दिवा आणि पसरलेलं पीठ. तिसऱ्या दिवशी पिठात काय उमटलं ते बघतात. त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते ठरवतात. याविरुद्ध सरांनी आणि मी अख्खं पत्रक काढलं होतं.

"आलं बघा पत्रकवालं!" सरांच्या पत्नीचे, म्हणजे काकूंचे, भाऊ आण्णा म्हणाले. "आता पिठालाबी नोटीस देतंय काय?"

"तू गप रं आण्णा. आईच्या वेळी तुला पाखरू दिसलं, आबांच्या वेळीबी पाखरूच." काकू माझ्याकडे वळल्या. "तू बघ. तुझी नजर ह्यांनी बसवलीया. दोन दिस घास उतरंना झालाय. कुठंतरी गेल्यात, एवढं कळू दे."

बुट्टी उचलली. मी वाकलो. मान तिरकी केली, उजेडाची बाजू बदलली, सरांनी शिकवलं होतं तसं. आयुष्यात पहिल्यांदाच मला पाखराचं पाऊल हवं होतं. पीठ गुळगुळीत होतं. कडेला तेलाचा एक थेंब.

"न्हाय काकू. काहीच न्हाय."

आण्णा उठून बाहेर गेले. काकू बराच वेळ पिठाकडे बघत राहिल्या.

"ह्यांचंबी रोज असंच. मी इचारायची, घावलं काय? न्हाय, म्हणायचे. आन् जेवायला बसायचे."

रक्षा सावडून आल्यावर शेजारून आलेली भाकरी काकूंनी मोडली. दोन घास खाल्ले, तिसरा हातातच राहिला.

परतीच्या बसमध्ये मी फोनवर ते जुनं पत्रक काढलं. पीठ पसरणं मला आजही चूकच वाटतं. पण पत्रकाच्या एका ओळीत आम्ही पिठाकडे बघत बसणाऱ्यांना हसलो होतो. ती ओळ मला पुरी वाचता आली नाही.