उलटी बसवलेली मोटर

गेटं म्हातारी होतात हे पक्कडला कुणी सांगायला नको होतं. ज्या वस्तीत त्याचं सगळं आयुष्य गेलं तिथली घरं एके काळी नवीकोरी होती आणि बटण दाबलं की आपोआप सरकणारं गेट ही तेव्हा मोठी नवलाई होती. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. आता तीच गेटं कण्हत-कुंथत सरकायची. एखादं तर अर्ध्यावर जाऊन, आपण कशाला निघालो होतो हे विसरल्यासारखं उभं राहायचं. मोटरींचे दाते झिजलेले, वायरींच्या पेटीत मुंग्यांचं बिऱ्हाड, रिमोट कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेला. सुटे भाग मिळणं तर कधीच बंद झालं होतं. पक्कड एका मेलेल्या मोटरीचं चाक काढून दुसऱ्या मरायला टेकलेल्या मोटरीत घालायचा आणि मालकाला सांगायचा, "चालेल. किती दिवस, ते विचारू नका."

पक्कड हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मिस्त्रींनी ठेवलं. कामावर लागला त्या दिवशी मिस्त्रींनी पाना मागितला तर यानं पक्कड दिली. पेचकस मागितला, पक्कड दिली. पाणी मागितलं तेव्हाही घाबरून हा पक्कडच घेऊन उभा. मिस्त्रींनी वर बघितलं आणि म्हणाले, "आता तुला हाक मारली तरी पक्कडच येणार, मग नाव तरी वेगळं कशाला?" ते नाव असं चिकटलं की लग्नानंतर बायकोलासुद्धा लोक पक्कडवहिनी म्हणू लागले. ती म्हणायची, "माझ्या नशिबी पक्कड आली आणि घरातली कडी मात्र वर्षानुवर्षं निखळलेली."

या वस्तीतली निम्म्याहून जास्त गेटं मिस्त्रींनी बसवलेली. त्यांच्या हाताखाली पक्कड सगळं शिकला. मिस्त्री बोलायला कमी आणि ओरडायला जास्त. पण एका गोष्टीवर ते फारच कडक होते. मोटरीच्या पोटाशी एक छोटं दार असतं. ते किल्लीनं उघडून आतला दांडा ओढला की मोटर गेटाला सोडते आणि गेट हातानं ढकलता येतं. वीज गेली, मोटर जळली, काहीही झालं तरी माणसाला बाहेर पडता येतं. हे दार नेहमी घराच्या बाजूला आलं पाहिजे. "चोर बाहेर अडला तर अडू दे," मिस्त्री म्हणायचे, "आतला माणूस अडकता कामा नये."

सुरुवातीच्या काळात पक्कडनं एकदा मोटर उलटी बसवली होती. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. संध्याकाळी वीज गेली आणि घरातल्या बाई तापलेलं मूल कडेवर घेऊन गेटाच्या आतच अडकल्या. मिस्त्रींनी सगळ्या गल्लीसमोर त्याला ती मोटर काढायला लावली, परत बसवायला लावली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. सुटलेला एकेक नट तळहातावर घेत म्हणाले, "हरवशील. दे इकडे." त्या दिवसापासून पक्कडनं मोटर उलटी बसवली नाही.

मिस्त्रींच्या लेकीचा फोन आला तेव्हा पक्कडला वाटलं, नेहमीसारखंच काही तरी असेल.

"काका, आमचं गेट उघडं राहतंय."

"आपोआप उघडतंय का?"

"तुम्ही या तर खरं."

मिस्त्रींना विसरण्याचा आजार लागून बरीच वर्षं झाली होती. आधी हत्यारांची नावं गेली, मग गिऱ्हाइकांची, मग माणसांची. लेक नवऱ्यापासून वेगळी होऊन वडिलांजवळ राहायला आली होती. वरच्या खोलीत बसून कसलंसं हिशेबाचं काम कॉम्प्युटरवर करायची आणि एक कान सतत जिन्याकडे लावलेला असायचा.

पक्कड पोचला तेव्हा मिस्त्री अंगणात खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, सदऱ्याची बटणं मात्र एकेक घर चुकलेली.

"या," मिस्त्री म्हणाले. "नवीन दिसता."

"हो. गेट बघायला आलोय."

"बघा. काम नीट करा म्हणजे झालं. हल्ली कुणाला नीट काम नको असतं."

पक्कडनं मोटर तपासली. काहीही बिघडलेलं नव्हतं. छोटं दार उघडं होतं, दांडा ओढलेला होता आणि कुलपाच्या तोंडात चमच्याचं शेपूट वाकवून घातलेलं होतं. किल्ली हरवली की चमच्यानं कसं उघडायचं, हे त्याला मिस्त्रींनीच शिकवलं होतं.

लेक मागे येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "परवा मोठ्या रस्त्यापर्यंत गेले होते. ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक लावला. नंतर कुठे सापडले माहितीये? चार गल्ल्या पलीकडे, परक्या माणसाच्या गेटाची पेटी उघडून बसले होते. त्या लोकांना वाटलं चोर आहे. धक्का दिला त्यांना कुणी तरी. कोपर बघा."

पक्कडनं मान हलवली.

"काका, मी कामाच्या फोनवर असते. आंघोळीला जाते. माणूस आहे मी. बाबांना उघडता येणार नाही असं काही तरी करा."

"करतो," पक्कड म्हणाला. त्याला तेव्हा ते सोपं वाटलं.

त्यानं कुलूप बदललं. मिस्त्रींनी चमचाही बदलला. मग त्यानं त्या छोट्या दारावर कोयंडा लावून वरून दुसरं कुलूप घातलं. मिस्त्रींनी कुलपाला हातही लावला नाही, बिजागरीची खीळ खिळ्यानं ठोकून वर काढली आणि दार दुसऱ्या बाजूनं उघडलं. पक्कडनं आतला दांडाच काढून नेला. त्या वेळी मिस्त्रींनी भिंतीवरच्या, लेकीनं केव्हाच बंद करून ठेवलेल्या बटणाची पेटी उघडली, दोन वायरी एकमेकींना टेकवल्या आणि गेट स्वतःहून, अगदी आज्ञाधारकासारखं उघडलं.

लेकीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. "सदऱ्याची बटणं लागत नाहीत हो त्यांना."

"हाताला आठवतं," पक्कड म्हणाला.

रात्री जेवताना तो नुसती भाकरी कुस्करत बसला होता. बायको म्हणाली, "काय झालं? कुठलं गेट छळतंय?"

"मिस्त्रींचं."

"अजून नाही झालं? एवढ्या वस्तीचे तुम्ही धन्वंतरी."

"अगं, मी जे काही करतो ते त्यांनीच शिकवलेलं. त्यांना येत नाही असं मी कुठून आणू?"

बायकोनं त्याच्या ताटात भात वाढला. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांनी शिकवलं नाही असं काहीच नाही का तुमच्याजवळ?"

तिनं ते सहज विचारलं होतं. पण पक्कडचा घास हातातच राहिला. एक गोष्ट होती. ती त्याला मिस्त्रींनी शिकवली नव्हती, उलट सगळ्या गल्लीसमोर त्याच्याकडून विसरवून घेतली होती.

त्यानं आणखी आठवडाभर चालढकल केली. या ना त्या कामाचं निमित्त काढलं. लेकीचा फोन आला की सांगायचा, सामान यायचंय. सामान कसलं यायचं होतं? मग एका सकाळी तिनं फोनवर सामानाचं विचारलंच नाही. म्हणाली, "पुन्हा गेले होते. सापडले. पण मला आता होत नाही, काका."

तो त्याच दिवशी गेला.

मिस्त्री दुपारी झोपतात ती वेळ त्यानं धरली. खांबावरची मोटर सोडवली, काढून नेलेला दांडा परत आत घातला, मोटर फिरवली आणि तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे करून चार बोल्टांनी पुन्हा आवळली. मोटर उलटी झाली की गेटही उलटं चालतं, बंद करायला गेलं की उघडतं. म्हणून आतल्या दोन वायरींची अदलाबदल केली. भिंतीवरची बटणाची पेटी उखडून भोक सिमेंटनं बुजवलं. आता आतल्या बाजूला मोटरीची सपाट पाठ आणि चार नट, एवढंच. रिमोट लेकीच्या गळ्यात. रस्त्याकडे गेलेल्या छोट्या दाराची किल्ली समोरच्या घरातल्या बाईंकडे.

"आणि तू घरात नसलीस, वीज गेली, काही झालं तर?" त्यानं विचारलं.

"मी असतेच," लेक म्हणाली. "मी कुठे जाणारे?"

आत अडकणारं माणूस एक नव्हतं, दोन होती, हे पक्कडच्या तेव्हा ध्यानात आलं.

तो हत्यारं पिशवीत भरत होता तेवढ्यात मिस्त्री बाहेर आले. झोपेतून उठलेले, केस विस्कटलेले. सवयीनं सरळ गेटाकडे गेले. हात मोटरीच्या पोटाशी गेला, दार शोधू लागला. दार नव्हतं. बोटं कडेनं फिरली, खाली गेली, वर आली. भिंतीवर बटणाच्या जागी ओलं सिमेंट लागलं, ते त्यांनी सदऱ्याला पुसलं. मग सळयांमधून वाकून पलीकडे बघितलं.

बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. लेक दारात आली होती. तिनं गळ्यातला रिमोट मुठीत धरला.

मिस्त्री सरळ झाले. वळून म्हणाले, "पक्कड."

एवढ्या खेपा झाल्या, दर खेपेला तो त्यांना नवीन माणूस होता. आज हाक आली ती थेट जुन्या आवाजात.

"जी."

"उलटी बसवलीस."

"हो, मिस्त्री."

"आतला माणूस अडकेल ना रे." ओरडले नाहीत. नुसतं सांगितलं. "किती वेळा सांगायचं? काढ. परत बसव."

पक्कडनं लेकीकडे बघितलं. तिनं मान वळवली.

तो गुडघ्यावर बसला आणि पाना काढला. त्याला वाटलं, जरा वेळ काढावा, ते विसरतील. आत्ता विसरतील. काल काय जेवले ते विसरतात, लेकीला कधी बहीण म्हणतात कधी बाई म्हणतात, मग हे विसरायला कितीसा वेळ लागणार? त्यानं पहिला नट अर्धा सैल केला, परत आवळला. सैल केला, आवळला.

"खेळतोस काय?" मिस्त्री म्हणाले.

ते विसरले नाहीत. बाकी सगळं गेलं होतं आणि नेमकं हेच शाबूत राहिलं होतं.

पक्कडनं नट काढला. मिस्त्रींनी तळहात पुढे केला. "हरवशील. दे इकडे."

दुसरा दिला. तिसरा दिला. चौथा निघाला तेव्हा मोटर नुसती बोल्टांवर टेकून राहिली. पक्कड खांदा लावून ती धरून बसला. मिस्त्रींनी मूठ मिटली आणि बघत उभे राहिले, पाय जरा फाकवून, पूर्वी उभे राहायचे तसे. कपाळावर घाम होता. उभं राहणं त्यांना हल्ली झेपत नव्हतं.

"बाबा, चहा झालाय," लेक आतून आल्यासारखं करून म्हणाली.

"काम चाललंय."

"काका करतील ना. झालं की बोलावतील तुम्हाला."

मिस्त्रींनी विचार केला. मग पक्कडच्या खांद्यावर हात ठेवला, त्या खांद्यावर मोटरीचं सगळं वजन होतं. "झालं की हाक मार. मी बघितल्याशिवाय जायचं नाही."

"नाही जाणार."

लेकीनं त्यांना दंडाला धरून आत नेलं. दार लागलं. पक्कड तसाच बसला होता, खांदा दुखायला लागेपर्यंत. मग एका हातानं त्यानं पिशवी जवळ ओढली, डबा उघडला आणि चार नवे नट काढले. हे वेगळे होते, आत प्लास्टिकची कडी असलेले. बोटांनी कधी सुटत नाहीत असे. ते त्यानं बोल्टांवर चढवले आणि आवळले. मोटर होती तशीच राहिली, पाठ घराकडे.

त्यानं हाक मारली नाही. लेकीनं खिडकीतून रिमोट दाबला. गेट जरासुद्धा न कुरकुरता उघडलं, तो सायकल घेऊन बाहेर पडला आणि गेट त्याच्यामागे बंद झालं. रस्त्याच्या टोकापर्यंत तो सायकल हातात धरून चालत गेला. बसायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बायकोनं तो उचलून त्याच्या हातात दिला.

"काका, ते नट त्यांच्या मुठीत आहेत. सोडतच नाहीत. जेवायचंय, हात धुवायचाय, तरी नाही. म्हणतात, पक्कडला लागतील."

पक्कडनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका?"

"राहू देत त्यांच्याजवळ," तो म्हणाला. "डाव्या मुठीत दे, आणि उजव्या हातानं जेवू देत."