पोर्तुगीजांनी नेलेली चावी

जगात भाषा दोनच, एक मराठी आणि दुसरी बिघडलेली मराठी, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच नात्यात निघाला. माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. ऐंशीच्या दशकात ते डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये एका मोटार कंपनीत इंजिनियर होते. दिवसभर तिथे गिअरबॉक्सचं काय करायचे ते देव जाणे, पण संध्याकाळी घरी आले, माकडटोपी काढली, चहा ओठांना लावला की शब्दांच्या मागे लागायचे. पाव, साबण, बादली, बटाटा, कोबी, पगार, चावी हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणले असं आपण शाळेत शिकलो ना, ते आतोबांना साफ नामंजूर होतं. सगळं उलटं आहे, म्हणायचे. वसईला पाय लागेपर्यंत त्या लोकांना पाव माहीत नव्हता, साबण माहीत नव्हता, आणि दाराला कुलूप घालून चावी खिशात टाकतात हे तर त्यांनी आपल्याकडेच पहिल्यांदा पाहिलं. "अगं, जग शोधायला निघालेली माणसं ती. ज्याच्या घरी सगळं आहे तो कशाला शोधायला निघेल?" यावर काय बोलणार, कपाळ?

चावीवर त्यांचं विशेष प्रेम. माझं घर त्यांच्यापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे घराची, गॅरेजची, गाडीची अशी कुठली ना कुठली चावी आमच्यात सारखी इकडून तिकडे व्हायची. दरवेळी ती माझ्या तळहातावर ठेवताना ते म्हणणारच, "चावी. वसईहून नेली त्यांनी." मी पुण्यात वाढलेली, माझ्या तोंडी किल्ली. एकदा चुकून "आतोबा, किल्ली कुठे ठेवलीत?" असं विचारलं तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तीनदा विचारलं, तीनदा नाही ऐकू आलं. शेवटी "चावी" म्हटलं तेव्हा खिशातून निघाली. एका जानेवारीत थंडीने त्यांच्या पुढच्या दाराचं कुलूप गोठलं आणि ते उघडायला एक दणकट अमेरिकन गडी आला. त्याला आतोबांनी उंबऱ्यातच वसईचा सगळा इतिहास ऐकवला. तो बिचारा पाय आपटत "शुअर, शुअर" करत होता. गेला तेव्हा हातमोजे तिथेच विसरून गेला. गणपतीत मंडळाने त्यांना आरतीआधी दोन शब्द बोलायला सांगितलं, तीही चूकच. ते बादलीवरून घमेल्यावर आणि घमेल्यावरून पिंपावर गेले, मोदक गार झाले, आणि पुढच्या रांगेतला एक पोरगा जोरात विचारता झाला, "काका, आर वी डन?"

आतोबा बोलायचे तेव्हा आत्या शेजारी बसून असायची. नुसती बसून. खरं तर ती कोकणातली, केळशीची, नारळीपोफळीच्या वाडीत वाढलेली. लहानपणी आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा विहिरीपाशी उभी राहून ती वाडीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी गप्पा मारायची, आणि मधला कुणीही त्यात भाग घेऊ शकायचा. तीच आत्या ट्रॉयला येऊन गप्प झाली. सुरुवातीला दुकानात जाऊन इंग्रजी बोलायचा प्रयत्न करायची. पण प्रत्येक वाक्यावर समोरची बाई "पार्डन?" म्हणायची. दुसऱ्यांदा म्हटलं की पुन्हा "पार्डन?" मग तिने वस्तूकडे बोट दाखवायला सुरुवात केली, मग तेही सोडलं, आणि तोंडाला कुलूप घालून बसली. मूलबाळ नव्हतं. हिवाळ्यात चार-चार महिने खिडकीबाहेर पांढरं आणि खिडकीच्या आत आतोबांचा आवाज. मी जायचे तेव्हा बोलायची थोडं, पण तेही हळू, जणू बर्फाची झोपमोड होईल. मला फार वाईट वाटायचं. आतोबांना वाटायचं की नाही ते कळत नसे, कारण वाटून घ्यायला माणसाला मध्ये जरा थांबावं लागतं.

तर एका जानेवारीत आत्याने भाजी वाढता वाढता सांगितलं, "मी मार्चमध्ये केळशीला जातेय. कायमची. तुमची नोकरी संपली की या तुम्ही." नोकरीची चार वर्षं उरली होती. आतोबांना साधा चहा करता यायचा नाही, आणि हे मी प्रेमाने सांगतेय. आत्याला म्हटलं, "अगं, चार वर्षं?" तर म्हणाली, "बोलायला माणूस नाही गं इथे. वेड लागेल मला." आतोबा त्या दिवशी जेवणानंतर काहीच बोलले नाहीत. मी घाबरले. दोन दिवसांनी मात्र ते उत्साहात एक रंगीत माहितीपत्रक फडकवत आले. अटलांटिक समुद्रात मदेरा नावाचं एक बेट आहे, पोर्तुगीजांचं. बारा महिने वसंत, डोंगर उतरून थेट समुद्रात आलेले, केळीच्या बागा, फुलं, जुनी चर्च, आणि फुंशाल नावाचं टुमदार शहर. "केळशी आणि महाबळेश्वर एका ठिकाणी," ते म्हणाले. "आणि मुख्य म्हणजे सगळे मराठी बोलतात. थोडी बिघडलेली. दर हिवाळ्यात आपण तिथे जाऊ. तुला बोलायला माणसंच माणसं." आत्याने माझ्याकडे पाहिलं. "ही आली तर मी येते," ती म्हणाली. माझ्या नवऱ्याने "तुम्ही जाऊन या, मी बर्फ काढतो" असं म्हणून अंग काढून घेतलं, आणि फेब्रुवारीत आम्ही तिघं निघालो. आतोबांच्या दृष्टीने हा पर्यटनाचा नव्हे, संसाराचा प्रश्न होता. आत्याला तिथे बोलतं करायचं आणि मार्च टाळायचा.

माहितीपत्रकात एक गोष्ट नीट वाचायची राहिली होती. डोंगर. आतोबांना उंचीची भीती वाटते हे त्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, कारण ट्रॉयमध्ये उंच असं काही नाहीच. विमान डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर उतरलं तेव्हा त्यांनी आत्याचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी वाकली. पण जमिनीला पाय लागले आणि गडी ताजातवाना. हॉटेलात शिरल्या शिरल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "चावी." काउंटरवरची मुलगी "शाव्ह?" म्हणाली आणि चावी दिली. आतोबांनी आमच्याकडे अशा विजयी मुद्रेने पाहिलं की मला हसू आवरेना. बाजारात "अननस" म्हटलं तर खरोखर अननस आला. "पाव" नाकात म्हटलं तर पाव आला. पण जेवताना, आपला सगळ्यात भारी शब्द ऐकवावा म्हणून त्यांनी वेटरला बोलावून सावकाश म्हटलं, "पगार." तो लगबगीने गेला आणि बिल घेऊन आला. आमचं अजून सूप चाललं होतं. त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे चुकते करणं. आतोबा रोज नवीन उत्साहाने पगार म्हणत राहिले आणि आम्ही रोज अर्धपोटी उठत राहिलो.

शहर मात्र सुंदर होतं, उगाच खोटं कशाला बोलू. निळ्या नक्षीच्या फरशांच्या भिंती, पाय घसरावेत असे गुळगुळीत दगडी रस्ते, खिडकीत बसून पांढऱ्या कापडावर भरतकाम करणाऱ्या बायका, आणि मान वर केली की लाल कौलांची घरं ढगांपर्यंत गेलेली. वरच्या चर्चपासून खाली येण्यासाठी वेताची एक बैठक मिळते, चाकं नसलेली, मागून दोन माणसं ढकलतात आणि ती उताराच्या रस्त्यावरून घसरत जाते. आत्याने चौकशी न करता त्यात बसकण मारली, म्हणून आतोबांनाही बसावं लागलं. खालपर्यंत ते "थांब, थांब" म्हणत होते. तो शब्द पोर्तुगीजांनी नेलेला दिसत नाही, कारण ती माणसं आणखी जोरात पळाली. एवढं सगळं झालं, पण आत्याचं कुलूप काही निघेना. हसायची, मान डोलवायची, "छान आहे हो" म्हणायची. आतोबा एकेका दुकानदाराला पकडून तिच्यापुढे आणायचे, "बोल, बोल याच्याशी," आणि ती पदर सावरून माझ्या मागे उभी राहायची. चौथ्या दिवशी आतोबांचा आवाजही उतरला.

तिथल्या डोंगरात पाण्याचे पाट आहेत. वरच्या जंगलातलं पाणी मैलोन् मैल कडेकडेने खालच्या शेतांना नेलेलं, आणि पाटाच्या काठाने चालायला पायवाट. एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला दरी. पाचव्या सकाळी आम्ही तिथे गेलो. पाट बघताच आत्या जी सुटली ती थेट पुढे. आतोबा पहिल्या वळणावर पोचले, दरी पाहिली, डोंगराला पाठ लावून खाली बसले आणि एका झुडपाची फांदी धरून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी इथला निसर्ग बघतो." डोळे मिटलेले होते. मी आत्याच्या मागे धावले.

पुढे डोंगरउतारावर एक छोटं शेत होतं आणि एक बाई, डोक्याला रुमाल, हातात कुदळ, पाटाचं पाणी आपल्या सऱ्यांमध्ये वळवत होती. मातीचं ढेकूळ काढायचं, इकडचं तोंड बंद करायचं, तिकडचं उघडायचं. आत्या थबकून बघत राहिली. केळशीला तिने हेच केलेलं. एका सरीचं पाणी फुटून वाहायला लागलं तशी ही न राहवून ओरडली, "अगं, तिकडून फुटलं बघ, तिकडून." बाईने पाहिलं, ढेकूळ टाकलं, आणि हसली. "पार्डन" म्हणाली नाही. स्वतःच्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलली, आणि आत्याने तितकंच लांब उत्तर दिलं. मग वेलाकडे बोट दाखवून आत्याने विचारलं, "काय लावलंय?" ती म्हणाली, "बटाटा." आत्या वाकली, पान बघितलं, वेल उचलला आणि म्हणाली, "हात्तिच्या. ही तर रताळी." "बटाटा," बाई म्हणाली. "रताळं," आत्या म्हणाली. बाईने एक उपटून हातात दिलं, लांबट, मातीने माखलेलं. "बटाटा." "अगं बाई, जन्म गेला माझा रताळी उकडण्यात, मला सांगतेस?" दोघी कमरेवर हात ठेवून भांडायला लागल्या, आणि भांडता भांडता हसायला लागल्या, आणि मग आत्या चपला काढून पाटात पाय सोडून बसली आणि जे बोलत सुटली ते वाडी, विहीर, पोफळी, धाकटा भाऊ, ट्रॉयचा बर्फ, सगळंच. ती बाई कुदळीवर रेलून "सीं, सीं", म्हणजे हो, हो, करत ऐकत होती.

मी आतोबांना आणायला परत वळणावर आले. ते डोळे उघडून कान देऊन बसले होते. "पलीकडे ही कोण बाई बोलतेय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आत्या." "ती नव्हे गं. मराठीत बोलतेय, मोठ्याने हसतेय, ती." मी म्हटलं, "आतोबा, तीच आत्या."  ते उठले, आणि डोंगराला पोट लावून, एकेक पाऊल सरकवत, घामाघूम होऊन ते वळण पार करून आले. केळीच्या आड थांबले. मी म्हटलं, "चला, तिकडे तुमचा बटाटा..." तर हात वर करून म्हणाले, "थांब जरा. ऐकू दे." मी त्यांना ओळखत असल्यापासून ते ऐकत उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

खाली जाणाऱ्या बसमध्ये आत्या ओटीत रताळी घेऊन बसली होती. आतोबा म्हणाले, "मार्चमध्ये जायचं ना तुला? माझंही तिकीट काढतो." आत्या म्हणाली, "आणि नोकरी? चारच वर्षं राहिलीत हो. तेवढी मी काढेन." "नको काढूस," ते म्हणाले. "तुझा आवाज मला ओळखू आला नाही गं. एवढं बोलतेस तू, हे मी विसरूनच गेलो होतो." "बोलते की. तुम्ही बोलू द्याल तर." मग रताळ्यांची माती झाडत म्हणाली, "घरजावई म्हणतील तुम्हाला केळशीला." ते म्हणाले, "म्हणू देत." आणि आणखी दोन वळणं गेल्यावर, स्वभाव जाणार कुठे, माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलंस, नेताना घाई झाली त्यांची. शब्द बटाट्याचा उचलला आणि वस्तू रताळ्याची."

त्यांचं ट्रॉयचं घर आम्हीच घेतलं. मार्चमध्ये विमानतळावर आत्या आतल्या रांगेत पुढच्या गुजराती बाईशी बोलायलाही लागली होती. आतोबांनी खिशातून घराची चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी व्याख्यानाची वाट बघत उभी. ते म्हणाले, "ही घे. तुझी किल्ली." एवढंच, आणि वळून आत्याच्या मागे गेले. मी तिथे, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी रडले.

आता केळशीला फोन लागला की आत्याच बोलते. मागून आतोबा "मला दे, मला दे" करत असतात, क्वचित मिळतो त्यांना. सुखात आहेत दोघं. इकडे हिवाळ्यात दाराचं कुलूप अजूनही गोठतं. परवा माझी मुलगी पायरीवर कुडकुडत म्हणाली, "आई, व्हेअर इज द की?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही ऐकलं. शेवटी वैतागून म्हणाली, "ओके, ओके, चावी." तेव्हा खिशातून काढली, तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "वसईहून नेली त्यांनी."